बंद लाइनवरची वीज

यात पदरचं एक अक्षर नाही. शुभांगीताईंनी सांगितलं, तसंच लिहिलं आहे.

१९९९ सालची गोष्ट. जुलैतला मंगळवार, भर दुपार. नाशिक रोडची एक वीज कचेरी.

आठवड्यापूर्वी निफाडजवळ पुंजाराम हा लाइनमन बंद केलेल्या लाइनवर चढला आणि शॉक लागून खांबावरच गेला.

बंद लाइनमध्ये वीज आली कुठून?

ते शोधायचं काम इंजिनिअर शुभांगीकडे आलं. तिने तिथलं सगळं विजेचं जाळं कॉम्प्युटरमध्ये भरलं. उत्तर स्पष्ट निघालं. शेजारच्या शीतगृहाचा जनरेटर चालू होता. त्याची वीज उलटी लाइनवर चढली होती.

तिच्या साहेबांनी हिशोबाचा कागद वाचला.

“हिशोबातून जनरेटर काढून टाका.”

“सर, मग पुंजारामची चूक ठरेल.”

“तो काही सांगायला येणार नाही.”

तिने जनरेटर काढला. जुनी फाइल पुसली. पुंजाराम चुकून शेजारच्या चालू लाइनवर चढला, असा अहवाल केला आणि खाली सही केली.

सही करून ती कॉम्प्युटरच्या खोलीत आली, तोच लाइट गेले.

पंखा थांबला. स्क्रीन काळी झाली.

सगळं शांत...

आणि प्रिंटर सुरू झाला.

कर्र... कर्र...

तिने प्रिंटरचा प्लग भिंतीतून उपटला.

कर्र... कर्र...

कागदावर पुसलेला हिशोब उमटत होता. आकडा न् आकडा. जनरेटरसकट.

तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. तीन दिवस तो तसाच पडून होता. चौथ्या दिवशी एसटीने निफाड गाठलं.

पुंजारामची बायको भागीबाई ओट्यावर बसली होती. शुभांगीने नाव सांगायच्या आतच ती म्हणाली,

“कागद आनला का, बाई?”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“ह्यांनी. मंगळवारी दुपारी दारात उभे व्हते. म्हनले, बाईंकडं दिलाय.”

शुभांगीने घडी उघडली...

कागद कोरा होता.

भागीबाईने तो उलटसुलट करून पाहिला. “मला वाचता येत नाय. काय लिव्हलंय?”

खरं काय ते शुभांगीला तोंडपाठ होतं. नुसतं सांगायचं होतं. पण साहेब आठवले, अहवालाखालची सही आठवली.

“काही नाही,” ती म्हणाली.

भागीबाईने शुभांगीच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि हलकेच विचारलं,

“ऐकलं का?”

शुभांगी वळली... अंगणात कोणीच नव्हतं.

एवढी वर्षं झाली. बोलता बोलता ताई अजूनही मध्येच गप्प होतात. कान देतात...

मागे मात्र वळून पाहत नाहीत.