चुलीची ओढ

सन शहाण्णवचा मार्गशीर्ष. गावोगाव बिनधुराच्या चुली घालून देणारा चांगदेव डिंगोऱ्याला भिमाच्या घरी निघाला होता. तीन वर्षांपूर्वी त्यानंच तिथं चूल घातली होती. घातलेल्या चुलीची ओढ फिरून येऊन बघायची, हा त्याचा नेम. पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरायची. धूर आत वळला तर चूल ओढतेय, बाहेर आला तर धुराडं तुंबलंय.

दुपार होती. भिमा रानात गेला होता. त्याच्या आईनं, तुकाबाईनं, दार हातभर उघडलं आणि चांगदेव आत येताच पुन्हा कडी घातली.

"एवढं कोंडून का घेतलंय, मावशी?"

"सून पोटुशी हाय. बाहेरचा वारा नगं लागाया."

सैपाकघराला खिडकी नव्हती. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. सून नंदा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचे ओठ जांभळे पडले होते. चूल मात्र भट्टीसारखी घोंघावत होती, आणि घरात धुराचा वाससुद्धा नव्हता.

चांगदेव थबकला. चुलीला हवा लागते. या कोंडलेल्या खोलीत ती येत होती कुठून?

त्यानं उदबत्ती पेटवली. दाराशी धूर सरळ वर गेला. भिंतीशीही सरळच. नंदाच्या तोंडाजवळ नेली तेव्हा मात्र तो दोऱ्यासारखा ताणला गेला आणि तिच्या ओठांपासून थेट चुलीत शिरला. ती श्वास सोडत होती... घेताना दिसत नव्हती.

"नंदाताई, जरा भायेर चला."

ती उठून उंबऱ्यापर्यंत आली. तसा चुलीतला जाळ बसला.

"कुटं निघाली? भाकरी ऱ्हायल्यात," तुकाबाई म्हणाली.

नंदा परत चुलीपुढं बसली. जाळ उठला.

"मावशी, भिंतीला वीतभर भोक पाडतो. नायतर ही..."

"पोटुशी बाईच्या घरात भिंत फोडता व्हय? तुमच्या घरी चालत आसंल!"

"मग चूल तरी इझवा."

"आन् भाकरी तुमच्या डोक्यावर भाजू?" म्हातारी हसली. "घाबरता कशापायी, पावणं? लई गुणाची चूल. आधीची सून तिला दीड वरीस पुरली..."

चांगदेव कडी काढून बाहेर धावला. मागं म्हातारीनं दार लोटून घेतलं. अंगणातली शिडी लावून कौलांवर चढला आणि पाण्यात भिजवून घेतलेलं गोणपाट धुराड्यात कोंबलं. धूर आत कोंडला की म्हातारीला दार उघडावंच लागणार होतं.

तो वाट बघत राहिला. खालचं घोंघावणं थांबलं. कुणी खोकलं नाही. दार उघडलं नाही. कौलांच्या फटीतून धुराची रेघही वर आली नाही.

शेवटी तो खाली उतरला आणि दार ढकलून आत गेला. खोलीत धुराचा मागमूस नव्हता. चूल संथ जळत होती. नंदा भाकरी उलटत होती, आणि तिचे ओठ आता लालबुंद दिसत होते. चांगदेवचा जीव भांड्यात पडला.

"बरं वाटतंय का, ताई?"

"लई बरं, भाऊ," ती म्हणाली. बोलता बोलता तिच्या तोंडातून निळसर धूर निघाला आणि अलगद छताकडे गेला.

तिनं पोटावर हात ठेवला. चेहरा बावरला.

"पर भाऊ... आत ह्यो खोकतोय."