दुसरं झाड

सरस्वतीपुरममधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराला पूर्वेकडं एक अरुंद बाल्कनी होती. तिथं, टांगलेल्या ओंडक्यावर, सुमित्राबाईंचं ऑर्किड वाढत होतं. सहा वर्षांपूर्वी मंडी मोहल्ल्यातल्या एका वखारीत, जळाऊ लाकडांच्या ढिगात त्यांना ते दिसलं. लाकूड कोडगूच्या ओल्या, दाट जंगलातून आलंय, एवढंच वखारवाल्याला माहीत होतं.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुमित्राबाईंनी बत्तीस वर्षं दुसऱ्यांसाठी फुलं चिरून काचेवर मांडली होती. या एका झाडाचं नाव मात्र आपणच लावायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

यंदा मार्चमध्ये पहिल्यांदा फुलं आली. नऊ. फिकट हिरवी, आत तपकिरी ठिपके, आणि वास ओल्या तांब्याच्या भांड्यासारखा. सगळी पुस्तकं पालथी घातली, कशाशीच जुळेना. ज्यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं ते प्राध्यापक चिदंबर आता बंगळुरात असत. फोटो बघून ते फोनवर म्हणाले, "सुम्मने, नुसत्या फोटोवरून नाव लागत नाही, बाई. फळ धरलं पाहिजे. आणि असली ऑर्किडं बहुधा स्वतःच्या परागावर फळ धरत नाहीत. दुसरं झाड लागेल."

तरी सुमित्राबाईंनी काडेपेटीतल्या काडीनं त्याच झाडाचा पराग लावून पाहिला. तीन फुलं गळाली. उरलेल्या सहांवर त्यांनी मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधलं आणि रोज भिंगातून बघून त्यांची चित्रं काढू लागल्या.

आठवड्याभरानं एका फुलातला पराग गेलेला दिसला. या फुलांत तो भुकटीसारखा नसतो. एका बारीक देठाला मोहरीएवढ्या दोन पिवळ्या गोळ्या असतात. त्या नव्हत्या. कापडाची गाठ जशीच्या तशी होती. फुलाच्या पोटात मात्र दुसऱ्याच गोळ्या चिकटल्या होत्या, यांच्यापेक्षा गडद, केशरी. पाच दिवसांत फुलामागचा देठ फुगला. फळ धरलं होतं.

शेजारी कुणाकडं तरी दुसरं झाड असणार, आणि ते पाहिल्याशिवाय हे फळ याच जातीचं की मिश्र, हे ठरणार नाही, असं चिदंबरांचं मत पडलं. सुमित्राबाईंनी आजूबाजूच्या दोन्ही रस्त्यांवरचे जिने चढून सगळ्या गच्च्या पाहिल्या. गुलाब होते, कोरफड होती, तुळशी होत्या. ऑर्किड कुणाकडंच नव्हतं.

त्या दुपारी त्या नवऱ्याला रागीची अंबली, नाचणीची पातळ पेज, भरवत होत्या. घरात दोघंच. अर्धांगाचा झटका आल्यापासून सदाशिवराव तीन वर्षं मागच्या खोलीत पडून होते. डोळे तेवढे फिरायचे. बोलणं गेलं होतं. चमचा ओठांशी नेताना सुमित्राबाईंना त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर काहीतरी पिवळं दिसलं. पुसायला त्यांनी पदर उचलला आणि हात तिथंच थांबवला.

त्यांनी भिंग आणलं.

दोन गोळ्या. एक देठ. खाली चिकट चकती. माशीच्या तोंडाला चिकटतात, तशाच.

वाटी खाली ठेवताना थोडी अंबली सांडली.  मग चिमट्यानं त्यांनी त्या गोळ्या अलगद सोडवून कागदाच्या पुडीत ठेवल्या. भीती वाटत होती. पण नाव लावायचं तर ते दुसरं झाड सापडायला हवं होतं.

"अहो, कुठं आहे ते?" त्यांनी हळू विचारलं.

सदाशिवरावांचे डोळे छताकडं गेले आणि तिथंच राहिले.

"बरं. पुढच्या वेळी एक पान घेऊन या."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सुमित्राबाई खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर वही. खिडकी बंद, पंखा चालू. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. दोन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. बारा वाजले, एक वाजला. सदाशिवराव हलले नाहीत. सुमित्राबाईंनी नजर हलवली नाही.

फक्त एकदा, पेन्सिलीला टोक काढायला, त्यांनी मान खाली घातली.

वर पाहिलं तेव्हा ते तसेच पडले होते. पांघरुणाची घडी मोडली नव्हती. श्वास मात्र जोरात चालला होता, जिना चढून आल्यासारखा.

त्या उठल्या. सदाशिवरावांच्या मुठी उघडून पाहिल्या. रिकाम्या होत्या.

मग पायांवरचं पांघरूण बाजूला केलं.

डाव्या टाचेच्या वर एक जळू चिकटली होती. अजून पुरती फुगलीही नव्हती.