दारातल्या टायरच्या चपला

प्रार्थनाघराच्या दारात चपलांची रांग होती आणि रांगेच्या टोकाला ओडेरोच्या टायरच्या चपला. ओडेरो गेल्या वर्षी याच शिबिरात सरोवरात बुडाला. त्याचं प्रेत काही सापडलं नाही.

“सगळ्यांनी अनवाणीच आत यायचं, हा आमचा नियम,” युवा संघाची प्रमुख अवुओर म्हणाली. “काल पहाटेच्या प्रार्थनेनंतर या इथं दिसल्या. ओडेरो पास्टरांचा मुलगा, म्हणून मी त्यांच्या घरी नेऊन दिल्या. आज पुन्हा इथंच! पोरं म्हणतात, तो आत येऊन बसतो. संध्याकाळी आईबाप त्यांना घेऊन जातील आणि शिबिर कायमचं बंद होईल. त्या दिवशी होडीत मीच नेलं होतं त्याला, बाई. माझ्यामागं त्याचा श्वास ऐकू येतो मला.”

किसुमू शहरातून बोलावलेली खाजगी गुप्तहेर सालोमे ओगुटू हिनं चपला उलट्या केल्या. तळाला रात्रीच्या पावसाचा ओला चिखल होता.

तिचा मदतनीस ओकेयो चार हात लांब उभा होता. “भुताच्या वस्तूला हात लावू नये, बाई.”

“भुताला चिखल लागतो का रे?”

“पाण्यातून चालत आलं तर लागेलच की!”

पहाटेची प्रार्थना संपली होती, पण सालोमेनं अजून कुणाला बाहेर सोडलं नव्हतं. आता तिनं एकेकाला आपापली जोडी घालायला लावली. ओडेरोचा जिवलग मित्र औमा आपल्या चिखलानं भरलेल्या स्लिपरा घालून कुरकुरला, “मी पास्टरांच्या घरी जातो-येतो, पण त्या चपला मी नाही आणल्या हं!”

ओडेरोची आई आपियो हिच्या चपलाही तशाच बरबटलेल्या होत्या. ती मुलाच्या चपलांकडे न बघता म्हणाली, “तो आला असेल तर त्याला येऊ दे.”

सगळ्यांच्या जोड्या संपल्या. ओडेरोची तेवढी उरली.

पास्टर ओकुमू शेवटी बूट घालून आतल्या खोलीतून आले. “मी खोलीत बूट काढतो. झगा तिथंच असतो.”

सालोमेनं खोलीत डोकावलं. मागच्या दाराला शिबिराच्या मक्याच्या पिठाची पोती टेकून छतापर्यंत रचली होती.

ओकेयो पास्टरांच्या चकचकीत बुटांकडे बघत राहिला. “काय टापटीप माणूस! नाहीतर मी, गुडघ्यापर्यंत चिखल.”

“कधी नव्हे ते कामाचं बोललास,” सालोमे म्हणाली. तिनं पास्टर, आपियो आणि अवुओर यांना आत बसवलं.

“चपलांना ताजा चिखल आहे, म्हणजे कुणीतरी त्या घालून चालत आलं. बाकी प्रत्येकाची चिखलाची जोडी दारात होती. पास्टर, तुमची नव्हती. मागचं दार पोत्यांनी बंद, म्हणजे तुम्हीही पुढूनच आलात, याच चिखलातून. आणि बूट मात्र कोरडे. ते पिशवीत होते. पायात मुलाच्या चपला होत्या.”



पास्टरांनी बूट काढून बाजूला ठेवले. मग म्हणाले, “सरोवर ज्याला परत देत नाही, त्याच्या प्रेताच्या जागी आपले लोक यागोच्या झाडाचं फळ पुरतात, म्हणजे त्याला विसावा मिळतो. मी आयुष्यभर त्याविरुद्ध प्रवचनं दिली. आपियोनं पाया पडून मागितलं, तरी नाही म्हणालो. आता तो रोज दारात उभा दिसतो मला. म्हणतो, बाबा, मला झोपायला जागा नाही. वाटलं, पोरं घाबरली तर तीच फळ पुरायची मागणी करतील. माझ्या तोंडानं कसं मागू?”

“आणि माझं काय?” अवुओर ओरडली. “मी वर्षभर जळतेय, ते दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं. स्वतःचं दुःख मोठं वाटलं, पोरी. चुकलो.”

अवुओर डोळे पुसून बाहेर गेली. “आजची सभा रद्द! कुदळी घ्या. औमा, यागोचं फळ आण.”

“लोक काय म्हणतील?” पास्टर पुटपुटले.

“म्हणू देत,” आपियो म्हणाली.

संध्याकाळी न्यायला आलेले आईबापही खड्ड्याभोवती थांबले. आपियोनं ते जड, लांबट फळ आपल्या अंगावरच्या कांग्याच्या कापडात गुंडाळलं आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. पास्टरांनी प्रार्थनेला सुरुवात केली, पण मुलाच्या नावापाशी ते अडले.

“अवुओर, तू घे त्याचं नाव. माझ्यानं होत नाही.”

वर्षभर ती त्यांच्यासमोर मान वर करत नव्हती. आता तिनं त्यांचा हात धरला आणि मोठ्यानं नाव घेतलं. सगळी पोरं तिच्या मागोमाग बोलली.