खड्ड्यावरची गाडी

“उतरा खाली. परत रुसली,” चन्नप्पाकाका म्हणाले, आणि तिन्ही पोरं गाडीतून उड्या टाकून उतरली.

कंबर तलावाजवळ गाडी अडायची ही या सुट्टीतली तिसरी खेप. इंजिन गुरगुरत होतं, आवाज चढत होता, पण चाकं जागची हलत नव्हती. गंगूने मागून खांदा लावला. एका बाजूला शेजारचा येडू, दुसऱ्या बाजूला अक्कलकोटहून सुट्टीला आलेला आतेभाऊ श्रीमंत.

“लई जड हाय ही. हत्ती परवडला,” श्रीमंत धापा टाकत म्हणाला.

“हत्ती निदान स्वतःच्या पायांनी घरी येतो,” येडू म्हणाला.

काकांना थट्टा सुचत नव्हती. “अण्णा, आता पुरे झालं. उद्या दुपारी मी भंगारवाल्याला घेऊन येतो.”

स्टिअरिंगवर बसलेल्या अप्पांनी धाकट्या भावाकडे न पाहता पुन्हा एकदा पाय दाबून पाहिला. गंगूचे अप्पा, गुरुबसप्पा, पूर्वी एका गिरणीमालकाचे ड्रायव्हर होते. अपघातात त्यांचा डावा पाय कायमचा ताठ झाला, तेव्हा मालकाने आपली जुनी परदेशी डिझेल गाडी त्यांना देऊन टाकली. हिला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलायचे, त्यामुळे डाव्या पायाला कामच नव्हतं. साऱ्या सोलापुरात अप्पांना चालवता येईल अशी ही एकच गाडी. ती गेली की अप्पा कायमचे ओट्यावर बसणार, या विचाराने गंगूने खांदा आणखी जोरात रेटला.

पोरं ढकलून दमली आणि रस्त्याकडेला बसली. काकांनी इंजिन बंद करायला लावलं. जरा वेळाने अप्पांनी सहज चावी फिरवली, तर गाडी मुकाट चालू लागली आणि सरळ घरापर्यंत आली.

“तळ्यात काहीतरी हाय,” श्रीमंत रात्री जेवताना म्हणाला. “आमच्या गावाकडं असं झालं की लिंबू उतरवत्यात.”

“तळ्यातल्याला डिझेल गाडीचं काय पडलंय?” येडूने विचारलं.

गंगूचं लक्ष ताटात नव्हतं. घरून निघताना गाडी नीट धावते, थोडं अंतर गेलं की अडते, विसावा मिळाला की पुन्हा धावते. मोडलेली वस्तू अशी विसावा घेऊन बरी होते का? अंथरुणावर पडल्यावरही ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी अव्वाने, तिच्या आईने, तिला पाणी भरायला बसवलं. नळाच्या तोंडाला नेहमीप्रमाणे फडकं बांधलेलं होतं. पाणी आधी जोरात आलं, मग बारीक होत होत नुसतं ठिबकायला लागलं. गंगूने नळ बंद केला, पुन्हा सोडला. फडक्यातला गाळ खाली बसला होता; पाणी क्षणभर परत धो धो आलं, अगदी विसावा घेतलेल्या गाडीसारखं. घागर तशीच टाकून ती पळत सुटली.

“येडू, श्रीमंत, चला. गाडीच्या पोटात फडकं अडकलंय!”

“गाडीनं फडकं कशाला खाल्लं?” श्रीमंत मागून धावला.

कापड विणायच्या मागांच्या शेडमध्ये गाडी उभी होती आणि काका तिची रोजची सेवा करत होते. गिअरचं तेल मोजायची पट्टी बाहेर ओढायची, सुताच्या गुंत्याने लख्ख पुसायची, परत आत घालायची. कमी वाटलं की डब्यातलं तेल ओतायचं. डब्याचं झाकण कधीच हरवलं होतं. धूळ जाऊ नये म्हणून काकांनी त्याच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला होता. मागांच्या घरात आणखी काय हाताशी असणार?

काका भंगारवाल्याकडे गेले तसा गंगूने बोळा उपसला. आतल्या लाल तेलावर बारीक तंतू तरंगत होते. तिने पट्टी अप्पांपुढे धरली. तिलाही दोन तंतू चिकटले होते.

अप्पांनी एक तंतू बोटाने उचलून उजेडात धरला. “गिअरच्या तेलाची जाळी तुंबली असणार. तेल पुढं गेलं न्हाय की चाकं फिरत न्हाईत. मालकाकडं असताना हे सगळं काम मुंबईला व्हायचं. पण मला वाकता कुटं येतंय, पोरी?”

“आम्हाला येतंय की.”

शेडच्या कोपऱ्यात जुन्या खड्डामागाचा खड्डा होता. आजोबा त्यात पाय सोडून विणायला बसत. अप्पांनी गाडी बरोबर त्यावर आणून इंजिन बंद केलं, चाकांना दगड लावायला सांगितले आणि तेल निवेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. ते थांबणं गंगूला सोसेना. काका कुठल्याही क्षणी परतले असते.

मग श्रीमंत खड्ड्यात उतरला, येडू हातात पाने-पक्कड देऊ लागला आणि अप्पा वरून सांगत गेले. तेल घमेल्यात उतरलं, तळाचं झाकण सुटलं आणि जाळी हातात आली. तिच्यावर सुताचा असा थर बसला होता की ती घोंगडीसारखी दिसत होती.

“ही तर आख्खी चादर विणलीय,” येडू म्हणाला.

जाळी डिझेलमध्ये धुऊन झाली. पण पुसायची कशाने? घरात जे फडकं घ्यावं ते तंतू सोडणारं. गंगू अव्वाकडे गेली. अव्वाने लगेच पेटी उघडली आणि आपल्या लग्नातल्या रेशमी साडीचा विरलेला पदर टर्रकन फाडून दिला.

“रेशीम कधी तंतू सोडत न्हाय,” ती म्हणाली. “जा, वेळ घालवू नको.”

गिरणीमालकाने दिलेला सीलबंद तेलाचा एक डबा अजून शिल्लक होता. जाळी बसवून, तळाचं झाकण आवळून ते तेल ओतलं, इंजिन चालू ठेवून पट्टी पाहिली आणि रेशमाने पुसली. पोरं मागे चढून बसली.

कंबर तलाव आला. गंगूने श्रीमंतचं मनगट इतकं आवळलं की तो कळवळला. तलाव मागे पडला, मग पुढचा चढही मागे पडला, तरी गाडी एका सुरात धावत होती. आरशात गंगूला अप्पांचे डोळे भरलेले दिसले.

परतताना समोरून काका येत होते. सोबत खांद्यावर दोर टाकलेला भंगारवाला. अप्पांनी गाडी त्यांच्याजवळ थांबवली. काकांनी गाडीकडे पाहिलं, मग तेलाने माखलेल्या तिघांकडे.

“कुणी केलं हे?”

“पोरांनी,” अप्पा म्हणाले. “तुझा कापूस काढला तिच्या पोटातून.”

काका कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी खिडकीतून हात घालून गंगूच्या डोक्यावर ठेवला. “मी रोज पुसत होतो आणि रोज बिघडवत होतो. तुम्ही तिघांनी आज घराची अब्रू राखली.”

भंगारवाला दोर सावरत परत वळला. अप्पांनी हात लांब करून त्याच्यासाठी दार उघडलं.

“उन्हाचं चालत कशाला जाता? बसा,” ते म्हणाले. “कुटं सोडू?”