म्हस्कूचा पहारा

भामाबाईंनी आधी तोंडातली मशेरी थुंकली, मग टेपरेकॉर्डरकडं बोट केलं. "ह्यात माझा आवाज ऱ्हाईल व्हय? मी मेल्यावर पन?"

"राहील, आजी," धनश्री म्हणाली.

"मंग नीट बोलते."

शिरूरच्या बाजारात वांगी विकणारी ही म्हातारी म्हणजे धनश्रीच्या आजोबांचं वाजवणं ऐकलेल्या मोजक्या माणसांतली एक. आजोबा म्हस्कू मेंढरं राखायचे, आणि या मुलखात कीर्तनामागं पहिल्यांदा फिडल वाजवलं ते त्यांनी. धनश्री जन्मायच्या कितीतरी आधी, एका सप्ताहात, गळ्यात वीणा असतानाच ते गेले. असं मरण पुण्यवंतालाच येतं, असं घरात सांगत. धनश्री कीर्तनवेडी. तिला आजोबांची एकच गोष्ट हवी होती, त्यांची चाल. ती चाल छेडली की मंडपातल्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या म्हणे. आता ती कुणाच्याच ओठांवर नव्हती. आपल्या गळ्यातून ती पुन्हा देवापुढं जावी, एवढाच तिचा हट्ट.

"लई गोड वाजवायचा. मेंढरं चरायची थांबायची," भामाबाई म्हणाल्या. "चाल न्हाई बाई आठवत. सोपानरावाला इचार. भीमेकाठी, दौंडच्या अंगाला ऱ्हातो. पन त्यो..." पुढं त्या वांग्यांवर नुसतं पाणी शिंपडत राहिल्या.

घरी कॅसेट लावली. बाजाराचा गलका, भामाबाईंचा आवाज, आणि त्या गप्प झाल्या तिथं अनवाणी पावलं. चार पुढं, चार मागं, दगडी फरशीवर.

बाजारात फरशी नव्हतीच.

पुढच्या आठवड्यात आजोबांच्या वेळच्या शंकररावांची मुलाखत झाली, ती त्यांच्या उसाच्या बांधावर. "भाग्याचं मरण, पोरी," एवढंच चारदा म्हणाले. त्या कॅसेटवरही पावलं होती. आता ती फरपटत होती.

सोपानराव नव्वदीचे. पडवीतल्या खांबाला टेकून उभे. कमरेला दोरी.

"बसतच न्हाईत," त्यांची सून गीताबाई म्हणाली. "तीन वर्सं झाली. झोपत्यात बी असंच. पडू नयेत म्हून बांधतो."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "म्हस्कूची नात व्हय? त्याला आमच्या देवळात वाजवायची लई हौस. आमी म्हनलो, आधी वीणा धर. दोन तास पहारा दे, मंग वाजव. पुढला पहारा माझा व्हता."

"मग?"

"ग्येलोच न्हाई. कुनीच जायाचं न्हाई असं ठरलंवतं. पारावर बसून बघायचो, किती टिकतोय. दुसऱ्या दिशी पाय सुजलं. तिसऱ्या दिशी फरशी लाल."

"आणि तुम्ही?"

"जेवनं बी पारावरच केली की."

आजोबांनी वीणा खाली का ठेवली नाही, हे धनश्रीनं विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. सप्ताहात वीणा भुईला टेकवत नाहीत. दुसरा कुणी येऊन गळ्यात घेईपर्यंत उभं राहायचं, बसायचं नाही.

तरीही तिनं विचारलं, "आबा, त्यांची चाल आठवते?"

"आठवती की. सांगतो. आधी हे घे."

सोपानरावांनी मोकळे हात, गळ्यातलं काही डोक्यावरून काढल्यासारखे, वर केले. पहारा बदलताना वाकतात तशी धनश्रीची मान आपोआप वाकली. जन्माची सवय.

मानेवर काहीतरी टेकलं. गार आणि जड.

सोपानरावांनी कमरेची दोरी सोडली आणि ते खाली बसले. गुडघे कडकडले. त्यांनी पाय लांब केले.

"चाल, आबा."

"कसली चाल?" ते बोळक्या तोंडानं हसले. "म्हस्कू बी असाच इचारायचा. आता वाजवू का, म्हनायचा."

धनश्री उंबऱ्यावर टेकायला गेली. गुडघे वाकेनात.

"गीताबाई," ती म्हणाली, "घटकाभर तुम्ही घ्या ना."

गीताबाईनं सासऱ्यापुढं चहाची बशी सरकवली. वर न बघता तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.