मागच्या डाव्या दाराचा स्पीकर

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं ठरलं होतं. म्बाथाआजोबांनी आम्हा मुलांना शेगडीभोवती बसवून ती सांगितली आणि संपल्यावर म्हणाले, "झुंगूच्या कानावर गेली तर एकेकाची जीभ हासडीन." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, कारण मी तशीही बोलत नाही. पण लिहायचं नाही, असं ते म्हणाले नव्हते.

त्या रात्री आमच्या टेकडीवर लोडशेडिंग होतं. आजोबांनी शेगडीत कोळसा सारला.

"कुठल्या तरी गावात कुणी एक माणूस होता, असलं मी सांगत नाही. गिंगिंडलोव्हूचा साखिले माहीत आहे ना? पेट्रोल पंपामागे गाड्यांना स्पीकर बसवतो तो. त्याने मला त्याच्या तोंडाने सांगितलंय. सांगताना चहा गार झाला त्याचा."

"त्याचा चहा रोजच गार होतो आजोबा, बडबड करून करून," माझा भाऊ म्हणाला.

"हसून घे. मग रात्री एकटा लघवीला जा हं."

सगळे हसले. मग आजोबांनी सुरुवात केली.

जूनमधला शेवटचा शुक्रवार होता. ऊसतोडणीचे दिवस, हवेत जळक्या पाचटाचा वास. साखिले दुकान आवरत होता, तेवढ्यात झुंगूबाबांची जुनी पांढरी गाडी दारात थांबली. हीच, आम्हाला शाळेत नेते ती. झुंगूबाबा उतरले. त्यांनी दोन-दोन स्पीकरचे दोन खोके बाकावर ठेवले.

खोके कुणाचे, ते साखिलेला विचारावं लागलं नाही. झुंगूबाबांचा एकुलता मुलगा, ल्वांडले, हेच खोके आणायला डर्बनला गेला होता. येताना मातिकुलू नदी ओलांडायच्या आधीच, डर्बनच्या बाजूला, त्याच्या टॅक्सीवर उसाचा ट्रक आला. खोक्यांना ओरखडाही उठला नव्हता.

"बसव," झुंगूबाबा म्हणाले. "त्याला हवे होते तसे. पण अ‍ॅम्प्लिफायर गाडीचाच राहू दे."

साखिले जड आवाजात हसला. "बाबा, यावरून त्याचं नि माझं किती भांडण! मी म्हणायचो, अरे गाढवा, सगळंच नवीन टाक. तर म्हणायचा, साखिलेदादा, या गाडीचा फक्त घसा बसलाय. घसा बदल, काळजाला हात लावू नकोस."

"म्हणूनच तर डर्बनला गेला," झुंगूबाबा म्हणाले.

खरं होतं ते. कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर हट्टी असतो. तो ज्या स्पीकरसाठी बनलाय, तेवढ्याच ओहमचे स्पीकर त्याला लागतात. बाजारातले साधे लावले की आवाज मरतो. तसे स्पीकर इकडे मिळत नव्हते. साखिलेनेच त्याला डर्बनच्या दुकानाचं नाव दिलं होतं, पण ते त्या संध्याकाळी दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

साखिले कामाला लागला. त्याने आधी गाडीच्या बॅटरीची तार सोडवली. दारांची अस्तरं उतरवली. जुन्या स्पीकरचे कागदी पडदे उन्हाने तडकून गेले होते. आठ वाजता वीज गेली, तेव्हा त्याने कपाळाला दिवा बांधला. झुंगूबाबा टायरवर बसून राहिले.

नवा स्पीकर जोडला की साखिले एक साधी गोष्ट करतो. घड्याळाचा सेल घेतो आणि तारांना टेकवतो. पडदा बाहेर उडाला तर तारा बरोबर. आत गेला तर उलट्या. एक जरी स्पीकर उलटा लागला तर तो बाकीच्यांच्या विरुद्ध ओढतो, आणि गाण्यातला मधला आवाज, गाणाऱ्याचाच आवाज, नाहीसा होतो. बाकी सगळं वाजतं. माणूस तेवढा निघून जातो.

पुढचे दोन पडदे बाहेर उडाले. मागचा उजवाही उडाला.

मागचा डावा आत गेला.

साखिलेने तारा बदलल्या. सेल टेकवला. पडदा पुन्हा आत गेला. कुणी श्वास घ्यावा तसा.

"काय झालं?" झुंगूबाबांनी विचारलं.

"काही नाही बाबा. तारा..."

त्याने सेल खिशात टाकला. दोन्ही हात मोकळे केले.

पडदा बाहेर आला. आत गेला. बाहेर आला.

तारांना काहीच लावलेलं नव्हतं. बॅटरी सुटलेली होती. सबंध गल्लीत वीज नव्हती.

आधी पाण्याचा आवाज आला. रुंद, सावकाश वाहणाऱ्या पाण्याचा. मग पुलावरून जड ट्रक जातो तसा... धडाक्‌, धडाक्‌. मग नुसतं पाणी.

झुंगूबाबा उठून उभे राहिले.

"बाबा..."

साखिले म्हणतो, तो आवाज लहान होता. खूप लांबून, आणि थंडीने कुडकुडत असल्यासारखा.

"बाबा, पोचलो ना? मग... घर कुठंय?"

इथे आजोबा थांबले. शेगडीपलीकडे बसलेल्या माझ्या भावाला त्यांनी विचारलं, "वाटेत मेलेल्याला घरी कसं आणायचं असतं रे?"

त्याचं हसू गेलं होतं. "रानबोरीची डहाळी घेऊन जायचं. त्याला नावाने हाक मारायची, डहाळीवर घ्यायचं. वळण आलं की सांगायचं, नदी आली की सांगायची."

"आणि काय करायचं नाही?"

"दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. घरी पोचेपर्यंत."

"का?"

भावाने माझ्याकडे बघितलं.

"कारण त्या वाटेवर तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द त्याचा असतो," आजोबा म्हणाले.

झुंगूबाबा त्याला आणायला एकटेच गेले होते. सोबत कुणी तरी न्यायला हवं होतं, पण मुलाबरोबरचा शेवटचा प्रवास त्यांना कुणाला वाटून द्यायचा नव्हता. त्यांनी डहाळी मागच्या सीटवर डावीकडे ठेवली. लहानपणापासून ती ल्वांडलेची जागा. त्याच सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर आहे. मातिकुलूच्या पुलावर ते गाडी हळू करून म्हणाले, "बाळा, नदी आली." तेवढ्यात फोन वाजला. घरून माखोझाआई, ल्वांडलेची आई, विचारत होत्या, कुठवर आलात? रोजच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, पोचलोच."

ते माखोझाआईंना म्हणाले. ऐकलं मुलाने. आणि आज्ञाधारक पोर पुलावरच उतरलं.

हे त्यांनी साखिलेला तिथेच, गाडीच्या दाराला डोकं टेकवून सांगितलं. "रिकामी डहाळी नेली मी घरी, साखिले. रिकामी. त्याची आई तिच्याशी बोलत बसते रे रोज."

साखिलेने तारा जशा होत्या तशाच जोडल्या, बॅटरी लावली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. झुंगूबाबांनी फोन बंद करून दुकानात ठेवला. वाटेत बोरीची नवी डहाळी तोडली. पुलापलीकडे जिथे टॅक्सी उलटली होती तिथे आधी गेले. मग पुलावर परत आले. झुंगूबाबा कठड्याशी उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली.

"ल्वांडले! झुंगूंच्या पोरा! मी चुकलो. ते तुला नव्हतं म्हटलं. चल."

वारा नव्हता. डहाळी तेवढी जड झाली. दोन्ही हातांनी धरावी लागली.

परतीच्या वाटेवर साखिलेने ओठ मिटून गाडी चालवली. मागे झुंगूबाबा बोलत होते. "नदी ओलांडली, बाळा. हा ऊस. गिंगिंडलोव्हू. हे साखिलेचं दुकान. आता चढ..." आणि मागच्या डाव्या दारातून, दर वाक्यानंतर, अगदी बारीक...

"हं."

घर आलं. फाटकात माखोझाआई कंदील घेऊन उभ्या. काही विचारायला त्यांचं तोंड उघडलं. साखिलेने काचेतून बोट ओठांवर ठेवलं. त्यांनी तळहाताने स्वतःचं तोंड दाबून धरलं.

आता एकच शब्द बोलायचा होता. उतर.

झुंगूबाबा बोलेनात.

इंजिन चालू होतं. साखिलेने आरशात पाहिलं. म्हातारा दाराकडे वाकून, कान त्या स्पीकरला लावून बसला होता. दार उघडलं की आवाज संपणार. न उघडलं तर तो रोज ऐकू येईल. शाळेच्या वाटेवर. बाजाराच्या वाटेवर. मरेपर्यंत. नुसतं गप्प बसायचं होतं.

साखिलेला ओरडावंसं वाटलं. ओरडता येत नव्हतं.

"बाबा," आतून आवाज आला. "पोचलो?"

झुंगूबाबांनी कान जाळीवरून काढला.

"...पोचलो, बाळा," झुंगूबाबा म्हणाले. "हे घर. ही बघ, आई. उतर आता."

त्यांनी स्वतःच्या हाताने दार उघडलं.

माखोझाआईंनी डहाळी घेतली आणि छातीशी धरून आत नेली. काटे टोचत होते तरी घट्ट. झुंगूबाबा गाडीतच बसून राहिले. साखिले पायी परत गेला.

सकाळी त्याने येऊन गाणं लावून पाहिलं. तीन स्पीकर असे वाजले की टेकडीवरची कुत्री उठली. ल्वांडले बरोबर होता, त्या अ‍ॅम्प्लिफायरला फक्त घसा हवा होता. मागचा डावा मात्र मुका. साखिलेने तारा बदलल्या, दुसरा स्पीकर लावला, करंट तपासला. करंट येत होता. आवाज नव्हता.

"राहू दे," झुंगूबाबा म्हणाले. "तो उतरलाय."

आजोबांची गोष्ट इथे संपली. आमच्यापैकी कुणीच लघवीला गेलं नाही.

आता माझं. शाळेत जाताना मागच्या डाव्या कोपऱ्यात कुणी बसत नाही, तिथे गाणं नीट ऐकू येत नाही म्हणून. मीच बसते. काल संध्याकाळी बाकीच्या मुली उतरल्या, झुंगूबाबांनी गाडी बंद केली आणि ते फाटक उघडायला गेले. मी त्या स्पीकरच्या जाळीत बोट घालून पडद्याला लावलं. गाणं बंद होतं. पडदा बाहेर आला. आत गेला. मी हात काढला नाही. मी कुणाशीच बोलत नाही, पण मला वाटलं, विचारावं. म्हणून मी वाकून अगदी हळू विचारलं, "दादा, घरी बरं आहे ना?" आणि बोटाखाली तो पडदा थांबला, आणि मग आतून, अगदी बारीक, "हं."

आई हाक मारतेय. "झिनले! अंधारात काय खरडतेयस? झुंगूबाबा आलेत दारात, तुलाच विचारतायत, की काल गाडीत तू कुणाशी बोलत होतीस?"