तोंड उघडायचं नाही

"उंदीर मेलाय," ढब्बू नाक दाबून म्हणाला. "लाव पैज."

"मेलेला उंदीर स्वतःला कागदात गुंडाळून घेतो का रे?" ताईने विचारलं.

शाळेच्या सभागृहात, रंगमंचाखालच्या पोकळीत दोघं पोटावर सरपटत होती. सुट्टीतल्या नाट्यशिबिराला वासाने हैराण केलं होतं आणि नाटकाचे सर "खिडक्या उघडा" यापलीकडे काही करत नव्हते. म्हणून ताई आणि तिचा मामेभाऊ ढब्बू स्वतःच शोधाला लागले होते.

टॉर्चच्या उजेडात पुडीमागून पुडी निघाली. बुरशी धरलेला भात, काळी पडलेली अंडी. शेवटची पुडी ताजी होती. ताईने ती उघडली आणि तिचा चेहरा उतरला. तेच बटाट्याचे काप सकाळी आईने दोन डब्यांत भरले होते. एक डबा ताईचा, दुसरा पोपटचा.

पोपट म्हणजे ताईची धाकटी बहीण. तिचा मेंदू वेगळ्या रीतीने काम करतो, असं डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं. एखादा विषय डोक्यात शिरला की ती थांबायचीच नाही, म्हणून हे नाव. शिबिर सुरू झालं आणि तिची वाचा बसली. घरीसुद्धा.

"सुधारली हो पोरगी," बाबा म्हणाले होते.

"डबाही चाटूनपुसून आणते," आई म्हणाली होती. रात्री पोपट ओठ जेमतेम विलगून दोन घास खाऊन उठायची, पण दुपारी पोट भरलं असेल असं आई धरून चालली होती. नखांभोवतीची सोललेली कातडी आणि खांद्यावरून घसरणारा फ्रॉक ताईला दिसला होता. तीही काही बोलली नव्हती.

पोपट कपडेपटाच्या खोलीत सापडली. टांगलेल्या झग्यांमागे, गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"डबा का टाकतेस गं?"

पोपटने गुडघे आणखी जवळ ओढले.

"हो-नाहीवर विचार," ढब्बू कुजबुजला. "पोपट, कुणी दम दिला का?"

मान होकारार्थी हलली.

"मुलांनी?"

नाही.

"सरांनी?"

हो. मग तिने तळहात ओठांवर दाबला आणि काढलाच नाही.

"तोंड उघडायचं नाही, असं म्हणाले?" ताईने हळूच विचारलं. पोपटचे डोळे भरले.

"चल, सरांना जाब विचारू," ढब्बू उठला.

"बस खाली. ते कानांवर हात ठेवतील. त्यांना जाब नाही विचारायचा. त्यांची स्तुती करायची."

शिबिर सुटताना आई न्यायला आली, तेव्हा ढब्बू सरांसमोर जाऊन उभा राहिला. "सर, आमची पोपट इतकी गुणी कशी झाली हो? आत्याला कळतच नाही."

सरांनी कॉलर सारखी केली. "शिस्त, दुसरं काय? पहिल्याच दिवशी बजावलं, मी सांगेन तोवर तोंड उघडायचं नाही. पुन्हा सांगावं लागलं नाही."

"आणि 'तोंड उघड' असं कधी सांगितलंत?" ताईने विचारलं.

सर हसले. मग ते हसू विरत गेलं. ताईने पुड्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली. आईने आपल्या हातचे बटाट्याचे काप ओळखले.

"अगं, मी आपलं सहज... बोल बाळ, आता बोल," सर पोपटकडे वळून म्हणाले.

पोपटचा हात ओठांवरून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी शिबिराला नवे सर आले. पोपटला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. "तुम्ही दोघांनी वेळेवर ओळखलंत, शाबास," डॉक्टरबाई ताईला आणि ढब्बूला म्हणाल्या. "पण तिला वेळ लागेल."

लागलाही. बऱ्याच दिवसांनी, रात्री जेवताना पोपटचा खरखरीत आवाज आला.

"मला माहीत होतं, सर 'उघड' म्हणायला विसरलेत."

सगळ्यांचे हात थांबले. "मग जेवलीस का नाही गं?" आईने विचारलं.

"तोंड उघडलं तर बोलणं बाहेर आलं असतं."

"मग आलं असतं तर काय?"

"गप्प असले की मी सगळ्यांना आवडत होते."

बाबांनी ताट बाजूला सारलं. "बोल," ते म्हणाले. "आम्ही ऐकतोय."

पोपटने एकेकाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. हे खरंच म्हणतायत का, ते ती तपासून घेत होती.